वॉल्टर टल या खेळाडूचे चरित्र

पावसाळा लागून जमीन मऊ झाली म्हणजे आपल्या शाळेच्या मैदानावर फुटबॉलच्या सामन्यांस प्रारंभ होतो. सामना पाहावयास कडेला जी मुले उभी असतात, त्यांच्या ओरडण्याकडे गेली काही वर्षे मी मुद्दाम कान देत आलो आहे. त्यातील पुष्कळसे ओरडणे निर्मळ उत्साहाचे असते. परंतु मधूनच एखादे टोपणनाव असे कानी पडते की त्याचा खेळाशी काडीचाही संबंध नसतो. संबंध असतो तो त्या मुलाच्या रंगाशी, उंचीशी, क्वचित त्याच्या वडिलांच्या धंद्याशी. हाक मारणारा हसतो, शेजारचे हसतात, आणि ज्याला हाक मारली तोही पुष्कळ वेळा हसतो. या शेवटच्या हसण्यानेच आपण सर्वजण फसतो. म्हणून यंदाच्या वार्षिकासाठी संपादकांनी लेख मागितला, तेव्हा वॉल्टर टल याची हकीकत सांगावयाची असे मी ठरविले.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, केंट परगण्यात, फोकस्टन नावाचे बंदर आहे. तेथे २८ एप्रिल १८८८ रोजी वॉल्टरचा जन्म झाला. त्याचे वडील डॅनियल टल हे वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटाचे. डॅनियल यांच्या वडिलांनी त्या बेटावर गुलामगिरीचे दिवस प्रत्यक्ष भोगलेले होते. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने बंद झाली. डॅनियल त्यानंतर जन्मले, सुतारकाम शिकले आणि १८७६ साली फोकस्टनला येऊन राहिले. तेथे त्यांनी ॲलिस पामर या केंटमधील गोऱ्या मुलीशी विवाह केला. नवराबायको दोघेही वेस्लियन मेथडिस्ट मंडळीचे सभासद होते. घरात मुले बरीच, मिळकत बेताची. पण सुताराच्या हातास काम होते आणि चूल पेटत होती.

१८९५ साली ॲलिसबाई कर्करोगाने वारल्या. पुढल्या वर्षी डॅनियल यांनी ॲलिसच्याच चुलत घराण्यातील क्लारा हिच्याशी लग्न केले, आणि १८९७ च्या डिसेंबरात हृदयविकाराने डॅनियलही गेले. क्लाराच्या पदरी पाच सावत्र मुले व एक स्वतःचे तान्हे. सर्वांस पोसणे तिला अशक्य होते. मंडळीच्या पाळकांच्या सल्ल्याने एडवर्ड व वॉल्टर हे दोघे भाऊ १८९८ च्या आरंभी लंडनच्या बेथनल ग्रीन या गरीब वस्तीतील मेथडिस्ट अनाथगृहात दाखल झाले. वॉल्टर तेव्हा नऊ वर्षांचा होता. घर सोडून पेटी डोक्यावर घेऊन परक्या आवारात पाऊल टाकताना पोटात कसे होते, हे आपल्या वसतिगृहातील मुलांस मी सांगावयास नको.

एडवर्डचा गळा गोड होता. अनाथगृहाच्या गायकमंडळाबरोबर तो गावोगाव जाई. ग्लासगो येथे वॉर्नॉक नावाच्या दांपत्याने त्याचे गाणे ऐकले, आणि १९०० साली त्यास दत्तक घेतले. भावाला चांगले घर मिळाले, पण वॉल्टर एकटा पडला. तरी या दोघांचे प्रेम अखेरपर्यंत तुटले नाही. पुढे सुट्टी मिळाली की वॉल्टर ग्लासगोची वाट धरी. हा एडवर्ड पुढे शिकून दंतवैद्य झाला. नोकरीच्या शोधात तो बर्मिंगहॅमच्या एका दवाखान्यात गेला असता, हा काळा माणूस आपला धंदा एका दिवसात बुडवील अशी भीती तेथल्या मालकाने त्याच्या तोंडावरच बोलून दाखविली. एडवर्ड परत फिरला, आणि त्याने स्कॉटलंडमध्ये आपला व्यवसाय उत्तम रीतीने चालविला.

अनाथगृहात मुलांस एखादा हातधंदा शिकवीत. वॉल्टर छापखान्याचे काम शिकला. परंतु त्याचा जीव चेंडूत होता. अनाथगृहाच्या संघातून खेळता खेळता १९०८ साली त्यास क्लॅप्टन या हौशी खेळाडूंच्या नामांकित क्लबात जागा मिळाली. त्या एका हंगामात क्लॅप्टनने हौशी संघांचे तीन कप जिंकले, आणि या नव्या मुलाकडे मोठ्या क्लबांचे लक्ष गेले. टॉटनहॅम हॉट्स्पर या लंडनच्या क्लबाने १९०९ साली त्यास आपल्याकडे घेतले. त्या काळच्या नियमाप्रमाणे खेळाडूस सही करताना जास्तीत जास्त दहा पौंड व पुढे आठवड्यास जास्तीत जास्त चार पौंड देता येत. त्याच उन्हाळ्यात तो संघाबरोबर जहाजाने अर्जेंटिना व उरुग्वे येथे खेळून आला. अनाथगृहातून बाहेर पडलेला मुलगा एकविसाव्या वर्षी अर्धे जग पाहून येतो, हे काही थोडे नव्हे.

टॉटनहॅम क्लब त्या वर्षी प्रथमच पहिल्या विभागात चढला होता. सप्टेंबर १९०९ मध्ये वॉल्टर संडरलंडविरुद्ध पहिला सामना खेळला. नंतर घरच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडशी सामना झाला. हा संघ त्याच वर्षी इंग्लंडचा कप जिंकलेला. प्रेक्षक तीस हजारांवर. वॉल्टरला पाडल्याबद्दल टॉटनहॅमला पेनल्टी मिळाली, सामना बरोबरीत सुटला, आणि वर्तमानपत्रांनी या नव्या इनसाइड फॉरवर्डच्या शांत डोक्याची तारीफ केली. तो फार वेगवान नव्हता. चेंडू पायाशी आला असता घाई न करता तो कोणाकडे द्यावा हे त्यास कळत असे. आपल्या मैदानावरही असे एखादे दुसरेच मूल असते. बाकीचे चेंडूमागे धावतात, हे मूल मान वर करून पाहते.

यानंतर ऑक्टोबर आला. संघ ब्रिस्टल सिटीविरुद्ध खेळण्यास ब्रिस्टल शहरी गेला. सामना सुरू असताना तेथील प्रेक्षकांपैकी एका घोळक्याने वॉल्टरच्या रंगावरून त्यास शिव्या देण्यास सुरुवात केली, आणि ती थांबविली नाही. ते शब्द येथे लिहिण्याचे काही कारण नाही. खेळाडू बावीस होते. चूक करणारे, घसरणारे, चेंडू घालविणारे त्यांत पुष्कळ असतील. पण त्या लोकांनी आपली सर्व शक्ती एकाच माणसावर खर्च केली, आणि तीही त्याच्या खेळावर नव्हे. वॉल्टर खेळत राहिला. ‘फुटबॉल स्टार’ या पत्राचा एक वार्ताहर तेथे हजर होता. सामन्याची हकीकत देताना त्याने हा प्रकार झाकून ठेवला नाही. त्या घोळक्याची भाषा लंडनच्या मासळीबाजारातील शिव्यांहूनही हीन होती, त्यांचा हल्ला भ्याडपणाचा होता, आणि मनाने व खेळाने स्वच्छ अशा टलचा कित्ता इंग्लंडातील सर्व गोऱ्या खेळाडूंनी गिरवावा, असे त्याने उघड लिहिले. रंगद्वेषावर त्याने आपल्या लेखाचा मथळाच बेतला होता. आपण त्या वार्ताहराचा हा गुण लक्षात घ्यावा. मैदानावर हजारो माणसे होती. त्यांपैकी शिव्या देणारे काही, आणि ऐकून न ऐकल्यासारखे करणारे बाकीचे सगळे. लिहिणारा एक निघाला, म्हणून आज शंभराहून अधिक वर्षांनी आपणास ही गोष्ट कळते.

ही गोष्ट जुनी झाली असे मात्र कोणी समजू नये. ११ जुलै २०२१ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना इंग्लंड इटलीविरुद्ध पेनल्टींवर हरले. मार्कस रॅशफर्ड, जेडन सँचो व बुकायो साका या तिघा काळ्या तरुणांच्या पेनल्टी वाया गेल्या. साका तेव्हा अवघा एकोणीस वर्षांचा होता. त्या रात्रीच त्या तिघांच्या रंगावर घाणेरड्या शब्दांचा जो पाऊस पडला, तो ब्रिस्टलच्या घोळक्यास शोभणाराच होता. फरक एवढाच की ब्रिस्टलचे लोक निदान मैदानावर उभे राहून ओरडत होते; हे लोक घरी बसून, टोपणनावाआड लपून, हातातील यंत्रावर बोटे चालवीत होते.

आता एक बारीक गोष्ट सांगतो, आणि मला स्वतःला ती ब्रिस्टलच्या शिव्यांहून अधिक टोचते. त्या काळची वर्तमानपत्रे वॉल्टरची स्तुती करतानादेखील पुष्कळदा त्याच्या आडनावामागे ‘काळ्या’ या अर्थाचे टोपणनाव लावीत. लिहिणाऱ्यांच्या मनात वैर नव्हते. कित्येकांस तर त्यात लाडिकपणाच वाटत असेल. दुसऱ्या खेळाडूंस नाव होते, यास रंग होता.

मी शाळकरी असताना आमच्या वसतिगृहात एक मुलगा होता. तो रंगाने आमच्या सर्वांहून काळा, आणि डाव्या बगलेने चेंडू घेऊन निघाला की कोणास सापडत नसे. आम्ही त्यास एक नाव ठेविले होते. ते कोणी काढले हे मला आठवत नाही. मी काढले नसेन, पण वापरले मात्र रोज. एक शिक्षकही ते ऐकून हसत असत. दुसऱ्या वर्षी त्याने खेळावयास येणे सोडले. पाय दुखतो असे तो म्हणे, आणि आमच्यापैकी कोणीही अधिक चौकशी केली नाही. संघात डाव्या बगलेस दुसरा मुलगा घातला, झाले. पुढे पंचवीस वर्षांनी एका सभेत एक गृहस्थ माझ्याजवळ आले व त्यांनी आपले संपूर्ण नाव सांगितले. मी त्यांस ओळखले नाही. चेहरा पाहून हळूहळू खूण पटली, तेव्हा ध्यानात आले की दोन वर्षे एका खोलीत निजलेल्या या मुलाचे खरे नाव मी कधी तोंडात घेतलेच नव्हते. ते अगदी सभ्यपणे बोलले, मुलाबाळांची चौकशी केली, आणि निघून गेले. मी क्षमा मागावयास हवी होती. ती त्या गर्दीत माझ्याने मागवली नाही.

पुन्हा वॉल्टरकडे वळू. ब्रिस्टलच्या सामन्यानंतर थोड्याच दिवसांत त्यास पहिल्या संघातून काढून राखीव संघात घातले. त्या हंगामात पहिल्या संघातून त्याचे केवळ सात लीगचे सामने झाले; पुढच्या हंगामात तीन. दहा सामने व दोन गोल, एवढ्यावर टॉटनहॅममधील त्याची मोठ्या सामन्यांची कारकीर्द आटोपली. ज्याच्या खेळाची सप्टेंबरात वाहवा झाली त्याचा खेळ नोव्हेंबरात एकाएकी कसा बिघडावा? त्याचे चरित्रकार या दोन गोष्टींचा संबंध जोडतात, आणि मलाही तो जोडल्यावाचून राहवत नाही. शिवीचे काम असे चालते. ज्यास दिली त्याने ती गिळली तरी ती तेथे संपत नाही. आसपासच्या शहाण्या माणसांस वाटू लागते की या मुलामुळे गडबड होते, तेव्हा त्यास जरा मागे ठेवलेले बरे. गोंगाट करणारे मोकळे राहतात आणि ज्याच्यावर गोंगाट झाला तो बाकावर बसतो.

आपल्याकडील पालकांस हे नवल वाटू नये. नेमक्या त्याच काळात पुण्या-मुंबईच्या मैदानांवर बाळू पालवणकर हा अप्रतिम डावखुरा गोलंदाज खेळत होता. तो चांभार समाजात जन्मलेला. त्याने टाकलेला चेंडू त्याचे सवर्ण सोबती हातात घेत, पण चहाच्या वेळी त्याला मैदानाबाहेर मातीच्या भांड्यात चहा देत. १९११ च्या उन्हाळ्यात हा बाळू हिंदी संघाबरोबर इंग्लंडला गेला व त्याने त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. तेथे मातीचे भांडे नव्हते. ज्या देशात वॉल्टर राखीव संघात बसला होता, त्याच देशात बाळूस सर्वांबरोबर चहा मिळाला. प्रत्येक देशाची आंधळी बाजू निराळी असते.

त्याच १९११ च्या शरदात वॉल्टरचे दैव फिरले. नॉर्दॅम्प्टन टाउन या क्लबाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी त्यास मागून घेतले. पुढे हडर्सफील्ड व आर्सेनल या संघांस वैभवास चढविणारे ते हेच चॅपमन. ते स्वतः टॉटनहॅमचे जुने खेळाडू, माणसाची पारख असलेले. त्यांनी वॉल्टरला पुढल्या फळीतून काढून बगलेच्या हाफच्या जागी ठेविले, आणि त्या जागेवर तो असा रुळला की जणू तेथेच जन्मला होता. नॉर्दॅम्प्टनसाठी तो १११ सामने खेळला. क्लब लहान, गाव जोडे बनविणाऱ्या कारागिरांचे. पण येथे लोक त्यास पाहावयास येत, आणि तो खेळला नाही तर हळहळत.

१९१४ साली महायुद्ध पेटले. डिसेंबरात वॉल्टर सैन्यात दाखल झाला. त्याच्या क्लबातून सर्वांआधी नाव देणारा तोच. मिडलसेक्स रेजिमेंटची सतरावी पलटण फुटबॉल खेळाडूंसाठी म्हणून उभारली होती, तिच्यात तो गेला. शिपायाचा सार्जंट व्हावयास त्यास फार दिवस लागले नाहीत. नोव्हेंबर १९१५ मध्ये पलटण फ्रान्सला पोहोचली. खंदकांतील चिखल, उंदीर व रात्रंदिवस डोक्यावरून जाणारे तोफगोळे यांनी १९१६ च्या मे महिन्यात त्याचे चित्त विकल झाले व त्यास इंग्लंडला परत पाठवावे लागले. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. शूर माणसाचे मन लोखंडाचे असते ही लहान मुलांची समजूत आहे. बरा होऊन तो सोमच्या भयंकर रणभूमीवर परत गेला, आणि डिसेंबरात खंदकज्वराने पुन्हा आजारी पडून परतला.

या वेळी त्याच्या वरिष्ठांनी एक विलक्षण गोष्ट केली. त्यांनी त्याचे नाव अधिकारी होण्यासाठी सुचविले. सैन्याच्या १९१४ च्या नियमपुस्तकाप्रमाणे शुद्ध युरोपीय वंशाचा नसलेल्या माणसाच्या हाती गोऱ्या शिपायांची सत्ता देण्यास मनाई होती. नियम छापलेला होता आणि वॉल्टरचा रंग सर्वांस दिसत होता. तरी स्कॉटलंडमधील गेल्स येथे त्याचे शिक्षण झाले आणि ३० मे १९१७ रोजी त्यास सेकंड लेफ्टनंटची सनद मिळाली. हिंदी लोकांनाही राजाची अशी सनद देण्याचे सरकारने त्याच वर्षीच्या ऑगस्टात जाहीर केले, हे जाता जाता सांगतो. ब्रिटिश सैन्यातील पहिला काळा अधिकारी असे वॉल्टरला पुष्कळ वर्षे म्हणत. अलीकडील शोधांत त्याच्या आधीचेही नाव सापडले आहे. पण लढाईत गोऱ्या शिपायांच्या पुढे चालणाऱ्या पहिल्या काळ्या अधिकाऱ्यांत त्याची गणना होते, यात शंका नाही.

त्याची पलटण १९१७ च्या अखेरीस इटलीत पियावे नदीकाठी गेली. कडाक्याची थंडी, नदी बर्फाच्या पाण्याची, आणि पलीकडे शत्रू. १९१८ च्या आरंभी एका रात्री सव्वीस माणसे घेऊन वॉल्टर ती नदी उतरून गेला, काम उरकले, आणि सव्वीसच्या सव्वीस जिवंत परत आणली. सेनापती लॉफर्ड यांनी त्याच्या धैर्याबद्दल व शांत डोक्याबद्दल लेखी प्रशंसा केली. मँचेस्टरच्या सामन्यात वर्तमानपत्रांस दिसलेले डोके ते हेच. ते सव्वीस शिपाई इंग्लंडच्या गल्लीबोळांतील होते. मैदानावर त्यांच्यापैकी कोणी पूर्वी काय ओरडले असेल कोण जाणे. त्या रात्री त्यांनी या माणसाच्या हाताच्या खुणेवर आपला जीव ठेविला.

मार्चात पलटण फ्रान्सला परतली, तोच जर्मनांनी मोठा हल्ला चढविला. २५ मार्च १९१८ रोजी बापोम गावाजवळील फाव्रॉय येथे माघार घेताना वॉल्टरला गोळी लागली. त्यास आणखी एक महिना व तीन दिवसांनी तीस वर्षे पूर्ण झाली असती. बिलिंगहॅम नावाचा शिपाई, जो पूर्वी लेस्टरचा गोलकीपर होता, गोळ्यांच्या माऱ्यात त्यास ओढीत आणावयास धडपडला. पण शत्रू अगदी जवळ आला होता आणि त्यास तो देह तेथेच सोडावा लागला. पुढे तो सापडला नाही. वरिष्ठांनी ग्लासगोला एडवर्डला पत्र लिहून, वॉल्टर सर्व पलटणीचा आवडता होता असे कळविले. मिलिटरी क्रॉस या पदकासाठी त्याची शिफारस झाल्याचेही कळविले होते. ते पदक कधीच आले नाही.

ज्यांस कबर नाही अशा जवळजवळ पस्तीस हजार सैनिकांची नावे फ्रान्समधील अरास येथील स्मारकावर कोरली आहेत. त्यांत सेकंड लेफ्टनंट डब्ल्यू. डी. जे. टल हे नाव आहे. त्याच्या मागेपुढे रंगाचा शब्द नाही.

नंतर कित्येक वर्षे त्याचे स्मरण फारसे कोणास उरले नाही. १९९९ साली नॉर्दॅम्प्टन क्लबाने आपल्या सिक्सफील्ड्स मैदानाशेजारी त्याचे स्मारक उभारले. त्या मैदानाजवळच्या रस्त्याचे नाव वॉल्टर टल मार्ग असे आहे. सामन्याच्या दिवशी परगावचे लोक वाट विचारतात, तेव्हा तेथील माणसे त्यांस ते नाव सांगतात.